डावा कोपरा

तासगावच्या स्टँडवर पुण्याची गाडी लागायला अजून वेळ होता. हौसा आमच्या पिशव्यांवर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होती, आणि तिच्या आईनं मला नळाकडे चल म्हणून खूण केली. तिच्या हातात फिरकीचा तांब्या होता, म्हटलं पाणी भरायचं असेल. नळापाशी गेल्यावर बाईनं तांब्या पदराखाली घेतला आणि नळाला हातही लावला नाही.

"इंदे, तिच्या बापानं तारीख धरलीया," ती म्हणाली. "दिवाळी झाली की बार उडवायचा म्हंतोय. पर त्यानंच शबूद दिलाय, पोरीचं नाव महाराष्ट्राच्या संघात आलं तर दोन वर्सं लगनाचं नाव काढायचं न्हाई."

मी म्हटलं, येईल की नाव, मावशी.

"जागा एकच हाय म्हनं. आन् त्या एका जागंला तुम्ही दोघी."

खरंच होतं ते. राज्याचा कबड्डी संघ निवडायला नाशिकला तीस मुली बोलावल्या होत्या. घ्यायच्या होत्या बारा. त्यातल्या अकरा जवळजवळ ठरल्याच होत्या, असं आमच्या बापू सरांच्या कानावर आलं होतं. उरली होती ती डाव्या बाजूच्या बचावातली एक जागा, आणि तिथं आमच्या जिल्ह्यातून नावं गेली होती दोन. एक हौसा खराडे, एक मी.

"तुला पुढच्या वर्सी बी खेळाय मिळंल," मावशी म्हणाली. "तिला पुढचं वर्स न्हाई."

मी "बरं" म्हणाले. बरं म्हणायला काय लागतं! एकोणीस वर्षांची होते, समोर हौसाची आई उभी होती, आणि तिच्या हातचे धपाटे मी चार वर्षं खाल्ले होते. मग तिनं तांब्या भरला, फिरकी घट्ट लावली आणि माझ्याकडे दिला. नाशिकपर्यंत तो मीच वागवला.

आता हौसा कोण आणि मी कोण, ते सांगते. हौसाचा बाप गुळव्या. गुऱ्हाळावर काकवीचा रंग बघून गूळ कधी उतरवायचा ते सांगणारा माणूस, हंगामात त्याला दहा गावांतून बोलावणं यायचं. पोरगी पण तशीच, अंगानं आडदांड, बोलायला कमी, समोरच्याच्या पायाकडे बघून तो कुठं जाणार ते ओळखणारी. मी कोष्ट्याची. बाप लवकर गेला, आई मागावर बसायची. मी काटकुळी आणि तोंडानं फाटकी, पंचांशी भांडायला संघात एक माणूस लागतं म्हणूनच बापू सरांनी मला घेतलं, असं हौसा सगळ्यांना सांगायची.

हौसा डाव्या कोपऱ्यावर उभी राहायची. मी तिच्या उजव्या हाताला. कबड्डीत कोपऱ्यावरची आणि तिच्या शेजारची एकमेकींचा हात धरून उभ्या राहतात, त्याला साखळी म्हणतात. चढाई करणारी आत आली की दोघींनी मिळून तिला कोंडायचं. ही साखळी पक्की व्हावी म्हणून बापू सरांनी एक भलतंच काम केलं. जुन्या लुगड्याची पट्टी फाडून हौसाचं उजवं मनगट आणि माझं डावं मनगट बांधून टाकलं, आणि सहा महिने सरावाला आम्हाला तसंच पळवलं. पट्टी सुटली की मैदानाला दहा फेऱ्या. पाणी प्यायचं तर दोघींनी, शिंकायचं तर दोघींनी. पहिले आठ दिवस मी तिला आणि तिनं मला इतक्या शिव्या दिल्या की विचारू नका. पुढं पुढं पट्टी सुटली तरी आमच्या लक्षात येईनासं झालं.

मैदानावर बोललं तर समोरचीला कळतं. म्हणून आम्ही बोटांनी बोलायचो. तिनं माझी बोटं एकदा दाबली की 'तू जा', मी झेपावून पाय धरायचा. दोनदा दाबली की 'तू थांब, मी जाते'. एवढीच आमची भाषा, पण तेवढ्यात चार वर्षं निभावली आम्ही. जिल्ह्याचा संघ दोनदा उपांत्य फेरीत नेला. वर्तमानपत्रात आमचा फोटो आला तेव्हा सुद्धा हात धरलेलेच होते, आणि आई म्हणाली, तुला काय ती पोरगी सांधून दिलीय का!

खोटं कशाला बोलू, मला पण हवी होती ती जागा. छातीवर 'महाराष्ट्र' लिहिलेली बनियन घालून आईसमोर उभं राहायचं, हे मी कितीदा मनातल्या मनात करून बघितलं होतं. राज्याकडून खेळलं की बँकेत, रेल्वेत खेळाडू म्हणून नोकरी लागते हे पण माहीत होतं. पण हौसाला दिवाळीनंतर कुठल्या तरी आडगावी पाठवून द्यायचं आणि आपण एकटीनं ती बनियन घालायची, हे काही गळ्याखाली उतरेना. गाडीत ती माझ्या खांद्यावर मान टाकून झोपली होती. मी तिच्या केसांच्या तेलाचा वास घेत बसले आणि ठरवून टाकलं. हौसा माझ्यावर चढाईला आली तर मी हलायचं नाही. तिला काही सांगायचं नाही. सांगितलं असतं तर तिनं मला गाडीतून खाली ढकललं असतं.

नाशिकला आमच्या निवडीसाठी रेगेबाई होत्या. स्वतः जुन्या खेळाडू, जाड भिंगाचा चष्मा, मांडीवर वही. त्यांची पद्धत अशी की एका जिल्ह्याच्या दोघींना एका बाजूला खेळू द्यायचं नाही. म्हणायच्या, शेजारणीच्या जिवावर कोण खेळतंय आणि स्वतःच्या जिवावर कोण, ते मला बघायचंय. त्यामुळे हौसा पलीकडे आणि मी अलीकडे. बचाववालीनं सुद्धा चार चढाया करायच्याच, असाही त्यांचा नियम.

आमच्या चार वर्षांत आम्ही पहिल्यांदाच समोरासमोर उभ्या राहिलो. हौसा माझ्याकडे बघून हसली. मला काही हसू आलं नाही.

माझ्या डाव्या हाताला, म्हणजे हौसाच्या जागी, वसईची फिलोमिना नावाची मुलगी होती. खेळायची छान, पण तिला हात धरलेला चालायचा नाही. मी सवयीनं हात पुढं केला, तर म्हणाली, तू तुझं बघ, मी माझं बघते. त्यामुळे त्या दिवशी पूर्ण डाव माझा डावा हात रिकामा लोंबकळत होता. मध्येच मी तो पँटला पुसायची, मध्येच पाठीमागे धरायची. दुखावलेल्या माणसासारखा तो कुठं ठेवावा ते मला कळेना.

हौसानं पहिल्या तीन चढायांत दोन गुण घेतले. कोपऱ्यावरची पोरगी चढाईत पण चालते म्हटल्यावर रेगेबाईंनी चष्मा वर सरकवला आणि शेजारच्या गृहस्थांना काहीतरी म्हणाल्या. माझ्या मनात आलं, झालं आता, अजून एक गुण घेतला की ही आत. चौथ्या चढाईला ती निघाली तेव्हा मी दोन्ही पाय जमिनीत रोवले. म्हटलं, इंदे, हलायचं नाही. बरं म्हणाली आहेस.

हौसा 'कबड्डी कबड्डी' घुमवत आली. आधी उजव्या कोपऱ्याकडे गेली, मग वळून आमच्या बाजूला. फिलोमिना पुढं सरली तशी हौसानं अंग मागं घेतलं आणि मला शिवायला उजवा हात टाकला. तिचा उजवा हात. आणि माझा डावा, सकाळपासून रिकामा असलेला, तो पुढं गेला आणि त्यानं तो हात धरला.

पकड नव्हती हो ती. पकड मनगटावर करतात, कोपरावर करतात, ओढतात, पिळतात. मी बोटांत बोटं गुंफून धरला होता, रोज धरायची तसा. मग शुद्धीवर आले. लगेच बोटं सैल सोडली. म्हटलं जा, अजून वेळ आहे, एक हिसका दे आणि जा. मधली रेषा दोन ढांगांवर होती. हौसाच्या अंगात माझ्यासारख्या तिघींना ओढत न्यायचं बळ होतं, मी डोळ्यांनी बघितलं होतं.

तिनं हिसका दिला नाही. मी सैल सोडलेली बोटं तिनं घट्ट धरली. मग ती दाबली. किती वेळा दाबली ते माझ्या लक्षात नाही, असं मी पुढं कित्येक वर्षं स्वतःला सांगत आले. आणि मग तिचं 'कबड्डी कबड्डी' थांबलं. दम संपून थांबतं तसं नव्हे, बोलता बोलता माणूस गप्प होतं तसं. शिट्टी वाजली, हौसा बाद झाली.

"एकटीनं पकडलंस," रेगेबाई म्हणाल्या. "नाव काय?"

तोंडानं फाटकी म्हणून अख्ख्या जिल्ह्यात प्रसिद्ध होते मी. पंचांना दमात घ्यायची. त्या वेळी नुसतं एवढं म्हणायचं होतं की बाई, ही पकड नव्हे, आम्ही चुकून हात धरला, परत खेळवा. हौसा पाठ करून बाहेर जाऊन बसली होती. मी नाव सांगितलं. "इंदुमती कोष्टी," म्हणाले, आणि त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

दुपारी यादी लागली. पोरींची झुंबड उडाली होती, मी मागंच राहिले. हौसा उंच, तिनं सगळ्यांच्या डोक्यावरून वाचली आणि माझ्याकडे आली. "आलं तुझं. बाराव्या नंबरला हाय," एवढंच म्हणाली, आणि माझ्या पाठीवर थाप मारली. जोरात मारली. त्या थापेत राग आहे का, हे मी कितीतरी दिवस शोधत राहिले.

परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसली आणि दोन्ही हात मांडीवर एकमेकांत अडकवून ठेवले, ते तासगावपर्यंत. मी दोनदा काहीतरी बोलायचा प्रयत्न केला. ती म्हणाली, झोपू दे. झोपली मात्र नाही. स्टँडवर मावशी आली होती. तिनं आधी हौसाच्या तोंडाकडे बघितलं, मग माझ्या. मी तांब्या पुढं केला, तो घेतला आणि लेकीला घेऊन चालायला लागली. एक शिवी हासडली असती तर मला बरं वाटलं असतं.

दिवाळीनंतर हौसाचं लग्न झालं, जतच्याही पलीकडे, कर्नाटकच्या हद्दीला लागून असलेल्या गावात. मी तेव्हा संघाच्या सराव शिबिरात होते. सुट्टी मागितली असती तर मिळाली असती. मागितली नाही.

चार वर्षं महाराष्ट्राकडून खेळले. बनियन घालून आईसमोर उभी राहिले, तिनं कापड दोन बोटांत धरून वीण बघितली आणि मग रडली. सांगलीला बँकेत लागले. सगळं मिळालं, नाही म्हणत नाही. पण त्या चार वर्षांत माझ्या डाव्या हाताला किती मुली येऊन गेल्या, आणि एकीचाही हात मला जमला नाही. कुणाचा ओला, कुणाचा घाईचा, कुणाचा नुसताच धरलेला. शेवटी मी साखळी सोडली आणि एकटीच पकड करायला लागले. लोक म्हणायचे, इंदू कोष्टी एकटीनं खेळते, काय हिंमत! हिंमत कसली डोंबलाची. मला हौसा पाहिजे होती. मैदानावर पाहिजे होती, बँकेच्या पहिल्या दिवशी पाहिजे होती, आई गेली तेव्हा तर फार पाहिजे होती. आणि तिच्या गावाला जाणारी गाडी रोज आमच्या बँकेच्या दारावरून जायची.

पंचेचाळीस वर्षं अशी गेली. गेल्या साली जिल्हा संघटनेच्या एका तरुण कार्यकर्त्याचा फोन आला. सुवर्णमहोत्सवाचं पुस्तक काढतायत, जिल्ह्याच्या सगळ्या जुन्या संघांचा इतिहास, राज्याकडून खेळलेल्यांची माहिती. माझ्यावर अख्खं पान होतं. मजकूर तपासायला म्हणून त्यानं मोबाइलवर पाठवला. त्यात वर्तमानपत्रातला तो फोटो होता. खाली सहा नावं नीट छापलेली, आणि उजवीकडून पहिली, माझा हात धरून उभी असलेली, तिच्या जागी लिहिलं होतं, 'नाव उपलब्ध नाही'.

मी त्या पोराला फोनवर असं झापलं की बिचारा तीनदा सॉरी म्हणाला. त्याची काय चूक? राज्याच्या यादीत नाव नाही, लग्नानंतर आडनाव बदललं, विचारणार कुणाला? जिला माहीत होतं ती एक मीच. फोन ठेवल्यावर हे डोक्यात शिरलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी जतच्या गाडीत बसले.

घर सापडलं. ओट्यावर एक धिप्पाड म्हातारी सुपात करडई पाखडत बसली होती. मी फाटकाशी उभी राहिले. तिनं आधी माझ्या पायांकडे बघितलं आणि मग तोंडाकडे.

"इंदे," ती म्हणाली. "गुडघा गेला व्हय गं तुझा?"

मला तिथंच रडू फुटलं. सुनेनं पाणी आणलं, चहा टाकला. मी घरून आणलेला तोच जुना फोटो दाखवला तर सून फोटो घेऊन बघतच राहिली. म्हणाली, आत्या, तुम्ही कबड्डी खेळायचा? जिल्ह्याकडून? वीस वर्षं सासूच्या घरात राहून तिला हे ठाऊक नव्हतं. हौसा म्हणाली, खेळत हुते थोडं, जा, साखर बघ.

सून आत गेल्यावर मी सगळं ओकून टाकलं. स्टँडवरचा नळ, तिची आई, माझं 'बरं', सगळं. म्हटलं, "मी तुला सोडणार होते, हौसे. हात आपोआप गेला. शपथ घेऊन सांगते."

"ठावं हाय मला." ती करडईतले खडे वेचत राहिली. "तुझी बोटं सैल पडली तवाच कळलं. म्हटलं, आयचं काम दिसतंय."

"मग हिसका का नाही दिलास? गेली असतीस."

"गेले असते की. आन् जलमभर तू सोडलीस म्हनून मिळालेली बनियन घातली असती." तिनं सूप खाली ठेवलं. "तुझी आय मागावर वाकून वाकून दुमडली हुती. माझ्या बापाच्या घरात गुळाच्या ढेपा हुत्या. मला काय, लगीन तरी हुतं. तुला काय हुतं?"

मी तिच्या सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला.

"किती येळा दाबलं हुतं मी?" तिनं विचारलं.

पंचेचाळीस वर्षं मी ते आठवत नसल्याचं सोंग केलं होतं. "दोनदा," मी म्हणाले.

"मग? दोनदा म्हंजी काय?"

तू थांब, मी जाते. ते मोठ्यानं म्हणायची गरज नव्हती, तिलाही आणि मलाही.

मग मी विचारलं, पस्तावलीस का गं? ती म्हणाली, "पस्तावले की. पयल्या वर्सी तर रोज. मळ्यात पाणी पाजताना हात आपसूक बाजूला जायाचा, तुझा हात धराया. लोकं म्हनायची, पोरीला वारं लागलंय." आणि हसली. नाशिकला समोर उभी राहून हसली होती, तशीच. मग म्हणाली, पुन्हा तशी वेळ आली तर तेच करीन का, ते काय सांगता येत न्हाई बाई.

पुस्तकासाठी मी तिचं पूर्ण नाव लिहून घेतलं. माहेरचं आणि सासरचं, दोन्ही घाल म्हणाली. फोटोच्या मागं तिनं स्वतः सही केली, शाळेतल्या पोरीसारखी एकेक अक्षर सुटं काढत. सुनेनं जेवून जा म्हणून धरलं, जेवले. धपाटे होते. चव थेट मावशीच्या हातची होती.

सांगलीची शेवटची गाडी साडेपाचला. सोडायला ती फाट्यापर्यंत आली, माझ्या गुडघ्यामुळे आम्ही सावकाश चाललो. ती माझ्या डावीकडून चालत होती. कोण कुठल्या बाजूला, हे ठरवावं लागलं नाही. फाट्यावर उभ्या राहिलो तेव्हा तिनं माझा हात धरला. हात खरखरीत झाला होता, हाडं वर आली होती, पण जमला. लगेच जमला. माझ्या मनात आलं, गाडीच येऊ नये.

आली. धूळ उडवत फाट्यावर थांबली, कंडक्टरनं दार उघडलं आणि चला चला करायला लागला. मी तिथंच उभी. हौसा समोर बघत होती, माझ्याकडे नाही. तिनं माझी बोटं दाबली.

एकदाच.

मी चढले. खिडकीशी बसले आणि डाव्या हाताची मूठ मांडीवर धरली, ती सांगलीपर्यंत उघडली नाही.